रजिस्टरातले एकोणीस दिवस

ता. ६ जानेवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. (या खेपेचा नमस्कार खरोखर साष्टांग आहे, कारण काम मोठं आहे.)

फोनवर फक्त तब्येत आणि बाकी सगळं पत्रात, हा तुझा नियम मोडायची माझी हिंमत नाही. मैत्रिणी हसतात. पोस्टाच्या पेटीत काही टाकणारी वर्गात मी एकटीच उरलेय.

बातमी अशी की शेवटच्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाचा माझा विषय मंजूर झाला. आपल्या गावात तीस वर्षांपूर्वी आलेली काविळीची साथ. अकरा माणसं गेली, त्यांतली सात मुलं, आणि आज माझ्या वयाच्या एकालाही त्याचा पत्ता नाही. मार्गदर्शक बाईंना विषय फार आवडला. मी त्यांना सांगितलं की आमचे आजोबा तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होते. त्यावर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की मग तू तटस्थ राहशील ना? मी म्हटलं, मला आत्यानं वाढवलंय, मी जेवणातल्या मिठाबद्दलसुद्धा दोन मतं ऐकते.

आजवर जमलेली साधनं: इंटरनेटवरचा एक लेख, पाणीपुरवठा विभागाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, चौकशी समितीच्या अहवालाचा सारांश आणि वर्तमानपत्राची तीन कात्रणं. सगळीकडे एकच गोष्ट आहे. केंद्रातून निघालेलं पाणी शुद्ध होतं. एका व्हॉल्व्हमननं हुकूम नसताना जुन्या टाकीची लाइन उघडली आणि तिथलं घाण पाणी गावात गेलं. त्याला कामावरून काढलं. चार साधनं एकमुखानं बोलतात, म्हणजे पाया पक्का, नाही का?

पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, जुनं उकरून काय मिळणार, आणि चहा न संपवता उठले. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. तुझी डायरी तर पाळण्यापासूनची असेल! आठवेल ते कळव.

उत्तराची आणि तुझ्या मायेची, दोन्हींची घाई असलेली,
तुझीच चौकशी

*

ता. १२ जानेवारी

चि. चौकशी हिस,

अनेक आशीर्वाद. थोडे राखून ठेवते, परीक्षेला लागतील.

तुझं पत्र ग्रंथालयात, संदर्भ विभागातल्या माझ्या टेबलावर उघडलं. समोर आमचे रोजचे निवृत्त हिशेबनीस वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनानं सोडवत होते. दुसऱ्यांनाही सोडवायचं असतं हे त्यांना बारा वर्षं सांगतेय. ते मान डोलावतात आणि पुढचा शब्द लिहितात.

तुझ्या पक्क्या पायाविषयी. चौघांनी एकच सांगितलं, की एकाचंच चौघांनी सांगितलं, हे आधी बघ. स्मरणिका कुठून घेते? अहवालातून. लेख कुठून घेतो? स्मरणिकेतून. कात्रणांच्या तारखा अहवालाच्या आधीच्या की नंतरच्या? नंतरच्या असतील तर तुझ्याकडे साधनं चार नाहीत, एकच आहे आणि त्याचे तीन पडसाद आहेत. मग त्या एकालाच धरून बसायचं. कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, त्याला ते कसं कळलं, आणि उलट लिहिलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं, हे विचारायचं. शेवटचा प्रश्न विसरू नकोस. लोक तोच विसरतात.

आपल्यासाठी न लिहिलेले कागद शोध. नोटिसा, मागणीपत्रं, जावक नोंदी. ज्यांना कोणाला काही पटवायचं नसतं असे कागद. आणि जिवंत माणसं शोध. तो व्हॉल्व्हमन असला तर त्याला भेट. एक गोष्ट मात्र पाळ. ज्याच्याविषयी वाईट लिहायचं, त्याला ते छापण्याआधी वाचून दाखव. त्याच्यासमोर वाचवत नसेल तर लिहू नये.

मला विशेष आठवत नाही. आम्ही पाणी उकळून पीत होतो. शाळा तीन आठवडे बंद होती. आजोबा फार थकलेले असायचे. डायरी माळ्यावर आहे, बघीन.

विषय जड आहे. बदलता आला तर तसाही विचार कर. बाईंना नाट्यगृहाचा इतिहासही आवडेल.

आहे तसा जीव लावत जा, इतकंच मागणं.
तुझी आत्या

*

ता. २९ जानेवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आणि एक उडी.

नाट्यगृह राहू दे. मला खजिना सापडलाय! केंद्राच्या मागच्या खोलीत मोडक्या पंख्यांखाली जुनी रजिस्टरं होती. तिथल्या कारकुनानं मला एकच अर्ज तीनदा लिहायला लावला आणि वर उपकार केल्यासारखी किल्ली दिली. आत्या, साथीच्या महिन्याचं क्लोरीन तपासणीचं मूळ रजिस्टर माझ्या हातात आलं. रोज दोनदा पाण्याचा नमुना नळीत घ्यायचा, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते बघून आकडा लिहायचा. आजोबांच्या अक्षरात! अगदी तुझ्यासारखं आहे गं अक्षर, घराण्यात उतरलंय. माझ्याकडे का आलं नाही देव जाणे. झेरॉक्स सोबत आहे.

आता तुझीच शिकवण लावून दाखवते. अहवाल याच रजिस्टरावर उभा आहे, म्हणजे मूळ साधन हेच. लिहिणारा माणूस जागेवर होता. नोंद त्याच दिवसाची आहे. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे आकडे रोज सारखे नाहीत. ०.५, ०.४, पुन्हा ०.५, मध्येच ०.३. शाईसुद्धा दोन-तीन प्रकारची आहे. तेरा तारखेला तर ०.६ खोडून ०.४ केलंय आणि शेजारी बारीकशी सही आहे. खोटं लिहिणारा माणूस स्वतःची चूक दुरुस्त करत बसेल का? बाईंनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

व्हॉल्व्हमनकाकांना भेटले. सायकलींची पंक्चरं काढतात, मुलीकडे राहतात. ते म्हणतात, जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह गंजून बसला होता, दोन माणसांनी फिरवला असता तरी फिरला नसता. म्हणतात, क्लोरीनसाठी पाण्यात घालायच्या ब्लीचिंग पावडरीची पोती रिकामी होती, मी स्वतः झटकून बघितली. आणि म्हणतात की सतरा तारखेला केंद्राच्या टाकीत पाणीच नव्हतं, दिवसभर पंप बंद. पण रजिस्टरात सतरा तारखेला सकाळ-संध्याकाळ दोन्ही नोंदी आहेत! तिथेच त्यांची साक्ष पडली. शिवाय दोष त्यांच्यावर आहे, म्हणजे उलट सांगण्यात त्यांचा फायदा. तुझा शेवटचा प्रश्न मी विसरले नाही बघ.

त्यांनी पाणी दिलं. माझ्याकडे बाटली होती म्हणून नको म्हटलं. ते भांडं हातात धरून बराच वेळ उभे होते.

डायरी बघितलीस का?

तुझ्या शाबासकीला हपापलेली,
चौकशी

*

ता. ६ फेब्रुवारी

चि. चौकशी हिस,

आशीर्वाद. झेरॉक्स मिळाली. मेहनत केलीस, ती पानापानावर दिसते.

सर्दीनं डोळे चुरचुरतात, म्हणून थोडक्यात. घाई करू नकोस. कागद जितका नीट, तितका तो दोनदा तपासावा. सतरा तारखेचं तू अजून पाहावंस असं वाटतं. माणसाची आठवण चुकते हे खरं, पण प्रत्येक वेळी चुकणारी आठवणच असते असं नाही.

डायरीत कामाचं काही नाही.

लोभ तोच,
आत्या

*

ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. वहिनींनाही नमस्कार. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. मुलीला मात्र दाखवू नकोस. तिला मी सांगणार आहे, पण आधी तुला सांगते. खरं तर तुला हे आधीपासून माहीत असावं, असा माझा तीस वर्षांचा संशय आहे. आपण दोघंही तो विषय इतक्या सफाईनं टाळत आलो, की न कळता ते जमणं शक्य नाही.

त्या रजिस्टरातलं ४ ते २२ तारखांचं अक्षर बाबांचं नाही, माझं आहे. तू हॉस्टेलला होतास. रविवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी तपासणीला वरचे अधिकारी येणार होते. बाबा रजिस्टर पिशवीत घालून घरी आले, जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला आणि मला हाक मारली. एकोणीस दिवसांचे रकाने कोरे होते. पावडर संपली होती. त्यांनी दोनदा मागणीपत्रं पाठवली, भांडारवाल्यानं हात वर केले, आणि बाबांनी पाणी बंद करण्याऐवजी तसंच सोडलं. तपासण्यासारखं काही नव्हतं म्हणून तपासलं नाही, आणि खोटं लिहायचं नाही म्हणून काही लिहिलंही नाही. त्या एकोणीस दिवसांत बाबा निदान कागदावर तरी खरे होते. त्या दुपारी त्यांनी पेन दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. ते म्हणाले, तुझं अक्षर माझ्यासारखंच आहे, आकडे भर, पण रोज एकच घालू नकोस.

मी भरले. मला वाईट वाटलं नाही, दादा. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं त्याहून मला तेव्हा बरं वाटलं. बाबांना माझी गरज पडली होती. मी दोन पेनं बदलली. संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा थोडा कमी ठेवला. साथीत आपल्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी गेली, तेव्हाही मी या दोन गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत. जोडायच्या नव्हत्या म्हणून जोडल्या नाहीत, हे मला आता लिहिता येतं.

माळ्यावरून डायरी काढली. त्या तारखेला लिहिलंय, दुपारी बाबांना लिहिण्यात मदत केली, बाबा अक्षरावर खूश. शब्दन् शब्द खरा आहे. तेव्हापासून रोज लिहितेय, आणि इतकी वर्षं अशीच खरी वाक्यं लिहीत आलेय का, असं आता वाटतं.

या रजिस्टरावरून समितीनं ठरवलं की केंद्राचं पाणी शुद्ध होतं, आणि दोष त्या व्हॉल्व्हमनवर गेला. आता आपली पोरगी त्याच रजिस्टरावरून त्याला पुन्हा खोटा ठरवणार. आणि ते कसं करायचं ते तिला मी शिकवलं.

सतरा तारखेचं वर्तमानपत्र आमच्या ग्रंथालयात आहे. दुसऱ्या पानावर वीज कार्यालयाची नोटीस आहे, सकाळी सहा ते रात्री आठ पंपिंगचा वीजपुरवठा बंद. तो माणूस खरं बोलतोय. ही नोटीस मला आठ तारखेलाच सापडली. आठ दिवस ती माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे.

मला तुझी परवानगी नकोय. पण एकटीनं करायचं धाडसही होत नाही.

लहानपणी धरायचास तसा हात धरशील तर बरं.
तुझी बहीण

*

ता. २२ फेब्रुवारी

चि. मोती हिस,

आशीर्वाद. मोत्यासारखं अक्षर म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं. कुत्र्याला ठेवतात ते, असं मी चिडवायचो आणि तू रडायचीस. आज मीही तेच वापरतो, कारण त्या अक्षराचं तू काय करायला निघालीयेस ते तुझं तुला कळावं.

हो, मला माहीत होतं. आईनं जाण्याआधी सांगितलं. मी ऐकलं आणि तिच्याबरोबर जाऊ दिलं. तूही तसंच करायला हवं होतंस.

बाबा आता उत्तर द्यायला नाहीत. तू बोलशील आणि ते ऐकून घेतील. भांडारवाला, वरचा साहेब, समितीतले तिघं, सगळे सुखानं गेले. त्यांच्यापैकी एकाचंही अक्षर कुठे सापडणार नाही. सापडणार ते आपल्या घरातलं. कामावरून आल्यावर बाबा तासभर हात धूत बसायचे ते तुला आठवत नाही का? त्यांनी भोगलं नाही असं तुला वाटतं?

आणि तुझ्या सदसद्विवेकबुद्धीचं मला कौतुक वाटतं. तीस वर्षं ती गाढ झोपली होती. बरोबर माझ्या मुलीचा पहिला नंबर यायची वेळ झाली तेव्हा जागी झाली. तो माणूस पंक्चरं काढतो, त्याला पोटापुरतं मिळतं. तुझ्या कबुलीनं त्याचं वय कमी होणार नाही. होईल ते इतकंच, की माझ्या मुलीला उद्यापासून आजोबांच्या फोटोसमोरून मान खाली घालून जावं लागेल. आणि तुझ्यासमोरूनही. याचा विचार केलायस?

हात धरायचं म्हणतेस. मी तुझा हात धरतोय तो थांबवायला.

माझा लोभ कमी होऊ नये असं वाग.
दादा

*

ता. २७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. पप्पांना तुझ्याकडून एक जाडजूड पाकीट आलं, त्यांनी ते कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. माझ्याविषयी काही आहे का? लग्नाचं असेल तर प्रकल्प संपेपर्यंत दम धरा.

बातमी चांगली आहे. कॉलेज दरवर्षी एक प्रकल्प पुस्तकरूपानं छापतं, यंदा माझा निवडलाय. गावाच्या वाचनालयात, पाणीपुरवठा विभागात, सगळीकडे प्रती जातील. बाई म्हणाल्या, या साथीवर यापुढे कोणी लिहिलं तर आधी तुझं पुस्तक उघडेल. वीस मार्चला छपाईला जाईल. अर्पणपत्रिका आजोबांना आणि तुला आहे. हे गुपित ठेवणार होते, राहवलं नाही.

तू सांगितलेलं पाळलं. काल व्हॉल्व्हमनकाकांना त्यांच्यावरचं प्रकरण वाचून दाखवलं. ते हातातलं चाक बाजूला ठेवून उकिडवे बसून ऐकत होते. शेवटी ‘त्यांची साक्ष विश्वासार्ह मानता येत नाही’ असं वाक्य आहे. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, की विश्वासार्ह नाही म्हणजे मी खोटं बोलतो असंच ना? मी म्हटलं, अगदी तसंच नाही. ते म्हणाले, मग कसं? हे छापणार का, एवढं त्यांनी विचारलं आणि आत गेले. परत आले नाहीत. मी बाहेर पडेपर्यंत त्यांच्या मुलीनं दार धरून ठेवलं.

आत्या, पुरावा माझ्या बाजूनं आहे ना? मग घरी येऊन मला जेवण का गेलं नाही? तू म्हणाली होतीस, समोर वाचवत नसेल तर लिहू नये. मी वाचलं. म्हणजे बरोबरच असणार ना?

लवकर लिही. या खेपेला माया नंतर, आधी उत्तर.
चौकशी

*

ता. ३ मार्च

चि. चौकशी हिस,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

पुरावा तुझ्या बाजूनं नाही. सोबत सतरा तारखेच्या वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानाची झेरॉक्स आहे. त्या दिवशी वीज नव्हती, पंप बंद होते, टाकीत पाणी नव्हतं. ते गृहस्थ खरं बोलले. रजिस्टर खोटं आहे. ४ ते २२ तारखांचे सगळे आकडे एका रविवारी दुपारी आपल्या जेवणाच्या टेबलावर भरले गेले. मी भरले. आजोबांनी भरायला सांगितले. पावडर संपली होती, पोती खरोखर रिकामी होती.

हे तुझ्या पप्पांना मी आधी लिहिलं, पण त्यांनाही एक गोष्ट सांगितली नाही. तेरा तारखेची खाडाखोड आजोबांनी सांगितलेली नव्हती. ती मला सुचली. फार स्वच्छ दिसतंय असं मला वाटलं, म्हणून एक चूक केली, दुरुस्त केली आणि त्यांची सही काढली. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मला ती शाबासकी वाटली. मी हसले. ज्या वाक्यासाठी तुझ्या बाईंनी वही उघडली, ते वाक्य पंधरा वर्षांच्या मुलीनं तुझ्यासाठी तीस वर्षांपूर्वी तयार करून ठेवलं होतं.

झेरॉक्स आली त्या दिवशी मी अक्षर ओळखलं. नोटीस आठ फेब्रुवारीला सापडली. आज तीन मार्च आहे. मध्ये जे दिवस गेले त्यांचं माझ्याकडे कारण आहे, पण ते कारण पुरेसं नाही. त्याच दिवसांत तू त्यांच्यासमोर बसून ते वाक्य दोनदा वाचलंस.

छपाई थांबव. अर्पणपत्रिका काढून टाक.

काही मागत नाही.
आत्या

*

ता. १४ मार्च

श्रीमती संदर्भ सहायक, ग्रंथालय यांस,

स. न. वि. वि.

आपले ता. ३ मार्चचे पत्र पोहोचले. त्यातील माहितीच्या आधारे सदर प्रकल्पाची छपाई स्थगित केली असून प्रकरण तीन आणि चार नव्याने लिहिण्यात येत आहेत. क्लोरीन तपासणी रजिस्टर ‘मुख्य साधने’ या यादीतून काढून ‘बनावट नोंदी’ या मथळ्याखाली घेतले आहे. वीज कार्यालयाची नोटीस वीज कार्यालयाच्या जावक नोंदीशी स्वतंत्रपणे ताडून पाहिली. ती जुळते.

आपले निवेदन साधन म्हणून वापरण्यासाठी पुढील प्रश्नांची उत्तरे स्वहस्ताक्षरात, तारीख व सहीसह पाठवावीत. नोंदी भरताना त्या खोट्या आहेत याची आपणांस जाणीव होती का? ही गोष्ट आजवर उघड न करण्याचे कारण काय? ज्यांच्यावर दोष आला त्यांना आपण हे कळवले आहे का? आपले नाव प्रकाशित करावे की गुप्त ठेवावे? माहिती देणाऱ्याचे संशोधकाशी काही नाते आहे का?

वडिलांचा या पत्रव्यवहारास विरोध आहे, हे माहितीसाठी. फोन करू नये.

आपली,
संशोधक विद्यार्थिनी

*

ता. १८ मार्च

संशोधक विद्यार्थिनी यांस,

स. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. प्रश्न चांगले आहेत. क्रमानं उत्तरं देते.

नोंदी खोट्या आहेत हे मला भरताना माहीत होतं. त्यांचा परिणाम काय होईल हे माहीत नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात समितीचा निकाल वर्तमानपत्रात आला, तो मी वाचला, आणि त्या दिवसापासून तेही माहीत होतं. म्हणून ‘अजाण वय’ असं कुठे लिहू नये.

उघड न करण्याचं कारण आधी वडील होते, मग वडिलांची आठवण, मग इतकी वर्षं बोलले नाही हीच गोष्ट. प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा हलकं होतं, आणि तरी तेवढ्यावर भागत गेलं.

ज्यांच्यावर दोष आला त्यांना गेल्या रविवारी भेटले. त्यासाठी आपल्या गावी आले होते, दुपारच्या गाडीनं परतले. कोणाकडे गेले नाही. त्यांना सगळं सांगितलं. ते चाकाला हात न लावता ऐकत होते. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, की हे लिहून देणार का? मी तिथेच लिहून दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या मुलीनं मोठ्यानं वाचलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, की त्यांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी वारल्या. त्या अखेरपर्यंत म्हणत, उघडला असशील तर मला एकटीला तरी खरं सांग, मी कोणाला बोलणार नाही. ते रोज सांगत की मी उघडला नाही, आणि त्या रोज म्हणत की बरं. त्यांनी मला विचारलं, की हा कागद आता मी कोणाला दाखवू? ही भेट प्रकल्पात घ्यायची असेल तर आधी त्यांना वाचून दाखवावी.

माझं नाव छापावं, पूर्ण छापावं. नावाखाली वय पंधरा घालताना शेजारी आजचं वयही घालावं.

माहिती देणाऱ्याचं संशोधकाशी नातं आहे. ती माझी भाची आहे. तिच्या लहानपणी दुपारी मी तिला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला बसवत असे. तिचं अक्षर माझ्यासारखं वळलं नाही. त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं होतं. हे नातं साक्षीच्या बाजूनं धरायचं की विरुद्ध, ते संशोधकानं ठरवावं.

पत्राच्या शेवटी लोभाविषयी लिहायची पद्धत आहे. आपल्या प्रश्नावलीत तो रकाना नाही, म्हणून लिहिलेलं नाही.

तारीख वरीलप्रमाणे, सही खाली. अक्षर माझंच आहे.